शाळा म्हणते 'इंग्लिश नवीन आहे म्हणून', मग ईएचसीपी (विशेष गरजा असलेल्या मुलाला द्यायच्या मदतीचा काउन्सिलचा कायदेशीर प्लॅन) आपण स्वतः मागू शकतो का? (इंग्लंड)

धाकट्याची_आई

नमस्कार, खूप दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला आलो, मिस्टर स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी आणि मुलगा डिपेंडंट. मुलगा नुकताच सहाचा झाला, इयर वनला आहे. बोलणं फार कमी, कधीकधी दोन शब्द जोडतो, काही हवं असेल तर माझा हात धरून ओढत नेतो. वर्गात सगळी मुलं कार्पेटवर बसतात तेव्हा हा दाराशी, आणि टॉयलेटमधला हँड ड्रायर सुरू झाला की कान दाबून टेबलाखाली. रिसेप्शनपासून, म्हणजे इयर वनच्या आधीच्या वर्गापासून, टीचरचं एकच पालुपद, इंग्लिश नवीन आहे ना त्याला, येईल हळूहळू. सासूबाई फोनवर म्हणतात याचा बाबापण चार वर्षं बोलत नव्हता, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

आता महिनाभर झाला, आठवड्यातून दोन-तीनदा बाराच्या सुमारास शाळेतून फोन येतो की आज त्याला जड जातंय, घेऊन जाता का. मी जाते, काय करणार. पेरेंट्स इव्हिनिंगला धीर करून ईएचसीपीबद्दल विचारलं तर म्हणाल्या त्याला आधी डायग्नोसिस लागतं, अर्ज शाळेनेच करायचा असतो आणि तो अजून त्या लेव्हलचा नाही. पीडियाट्रिशियनची वेटिंग लिस्ट वर्षाच्या वर आहे, प्रायव्हेट रिपोर्टचे पैसे ऐकून मिस्टर गप्पच बसले. तर हे सगळं खरंच असं आहे का, आणि आम्ही मागे लागलो तर पुढे व्हिसाला, आयएलआरला (इथे कायम राहण्याच्या परवानगीला) काही नडेल का?

दोन_लेकींची_आई

अगं आधी पाणी पी आणि जरा शांत बस. तुला शाळेने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चूक आहेत, तिन्ही. मलाही सात वर्षांपूर्वी जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं आणि मी दीड वर्ष गप्प बसले त्याचं अजून वाईट वाटतं.

कायदा आहे चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट २०१४, त्यातलं कलम ३६. त्यानुसार आईवडील थेट काउन्सिलला लिहून ईएचसीपीसाठीचं असेसमेंट मागू शकतात, शाळेची सही नको की परवानगी नको. काउन्सिलने बघायचं काय, तर मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत किंवा असू शकतात, आणि त्यासाठी प्लॅनमधून मदत देणं गरजेचं असू शकतं का, बस एवढंच. दोन्हीकडे 'असू शकतं' आहे बघ, म्हणजे उंबरठा मुद्दाम खाली ठेवलाय. डायग्नोसिस हा शब्द त्यात नाहीच. काही काउन्सिल आपल्या वेबसाइटवर स्वतःचे नियम टाकून ठेवतात की आधी हे करा, अमुक इतके महिने ते करा, पण ते कायद्याच्या वर नाहीत. आणि असेसमेंटला हो म्हटलं की एज्युकेशनल सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट काउन्सिलनेच मागवायचा असतो, तोही फुकट, त्यामुळे प्रायव्हेटचं आत्ता डोक्यातून काढून टाक.

आता भाषेचं. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये लिहिलंय की घरची भाषा वेगळी आहे एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं धरायचं नाही. हे आपल्या मुलांवर उगाच शिक्का बसू नये म्हणून आहे, पण शाळा ते उलटं फिरवतात, म्हणजे घरची भाषा वेगळी ना, मग अडचण असणारच नाही. तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस, तो मराठीत कसा आहे? भाषा नवीन म्हणून अडलेलं मूल शाळेत मुकं असतं आणि घरी आल्यावर आजीला व्हिडिओ कॉलवर बोलू देत नाही. माझी थोरली तशी नव्हती. 'चप्पल कुठाय?' विचारलं की तीपण 'चप्पल कुठाय' म्हणायची, तसंच, त्याच सुरात. मी थेरपिस्टला नुसतं 'बोलत नाही' सांगितलं आणि फाइलमध्ये गेलं की इंग्लिश मर्यादित आहे. पुढच्या वेळी मराठी शब्दांची यादीच करून नेली तेव्हा कुठे त्या बाईंची पेन थांबली.

धाकट्याची_आई

ताई, मराठीतही तेच आहे, मला वाटलं हे सांगायची गरजच नसेल. मराठी शब्द वीस-पंचवीस असतील. इंग्लिशच उलट जास्त येतं, ॲबीसीडी, रंग, आकडे शंभरपर्यंत म्हणतो, पण पाणी हवंय हे दोन्ही भाषांत सांगत नाही, बाटलीपाशी जाऊन उभा राहतो. हेल्थ व्हिजिटर म्हणाली होती घरी इंग्लिशच बोला, म्हणून आम्ही मराठी बंद केली सहा महिने. सासूबाई अजून बोलतात त्यावरून.

वर्गातली_ताई

मी प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बघते. मराठी अजिबात बंद करू नकोस, दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही, स्पीच थेरपिस्टही हल्ली हेच सांगतात. आणि खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, म्हणून तू वर बाटलीचं जे लिहिलंस ना तोच तुझा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, ते तसंच्या तसं कागदावर उतरव. असेसमेंटला मराठी इंटरप्रिटर माग. नवऱ्याला किंवा मोठ्या भावंडाला मधे बसवू नका, माणूस आपल्या लेकराचं नकळत सावरून सांगतो.

दुसरं, ते बाराचे फोन. हे मला वाचवलं नाही. मुलाला 'आज जड जातंय' म्हणून घरी पाठवणं आणि कागदावर काहीच न नोंदवणं हे बेकायदा आहे, आईवडील हो म्हणाले तरी. घरी पाठवायचंच असेल तर शाळेने रीतसर सस्पेन्शन नोंदवायचं आणि लेखी कारण द्यायचं. कमी तासांचं टाइमटेबल असू शकतं पण ते थोड्या काळासाठी, तुझ्या संमतीने, लेखी. पुढच्या फोनला एवढंच म्हण, 'हे सस्पेन्शन आहे का? असेल तर तसं लेखी द्या, मी येते.' भांडू नकोस, आवाज चढवू नकोस. आणि आत्तापर्यंतच्या तारखा व्हॉट्सॲप, कॉल लॉग बघून लिहून काढ, कारण तुझं मूल शाळेला दिवसभर सांभाळता येत नाहीये हे त्या फोनांनी शाळेनेच कबूल केलंय, आणि तीच शाळा म्हणते 'त्या लेव्हलचा नाही'!

शाळेची बाजूपण सांगते. टीचर वाईट नसतात, तीस मुलं आणि एक अर्ध्या दिवसाची असिस्टंट. शाळेने एका मुलाच्या जादा मदतीसाठी वर्षाला साधारण ६,००० पौंडांपर्यंत आपल्याच बजेटमधून घालायचे असं धरलेलं असतं, ते वेगळ्या पाकिटात येत नाहीत, म्हणून सेन्को (शाळेत विशेष गरजांचं काम बघणारी टीचर) पण कात्रीत असते. पण तो तिचा आणि हेडचा प्रश्न आहे, तुझा नाही. प्लॅन येईपर्यंतसुद्धा मुलाला सेन सपोर्ट (विशेष गरजांसाठी शाळेनेच द्यायची मदत) मिळायला हवा आणि तो देत असतील तर तुला कळवणं शाळेला बंधनकारक आहे, वर वर्षातून निदान तीनदा बसून बोलायला हवं. तुझ्या मुलाचं नाव शाळेच्या सेन रजिस्टरवर आहे का, हे विचारलंस का कधी? विचार, आणि तोंडी नको, ईमेलवर. गेटवर झालेलं बोलणं हवेत जातं.

तारखांचा_बाप

वरच्या दोघींनी चांगलं सांगितलंय, मी फक्त पुढचं सांगतो कारण बहुतेक तिथेच गाडी अडते. अर्ज काउन्सिलला पोचला की सहा आठवड्यांत असेसमेंट करणार की नाही हे त्यांनी कळवायचं, आणि प्लॅन द्यायचाच ठरला तर अर्जापासून २० आठवड्यांत फायनल प्लॅन हातात. हे कायद्यात. प्रत्यक्षात २०२३ मध्ये जेमतेम निम्मे प्लॅन वेळेत निघाले, त्यामुळे कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवा आणि तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी मेल टाका, तरी हलले नाहीत तर आधी काउन्सिलकडे रीतसर तक्रार, मग ओम्बुड्समन, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी.

आम्हाला पहिलं पत्र नकाराचंच आलं होतं. बायको रडली, मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि तीन आठवडे त्या ड्रॉवरला हात लावला नाही, हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा. नकाराच्या पत्राच्या तारखेपासून दोन महिन्यांत किंवा मीडिएशन (मध्यस्थामार्फत काउन्सिलशी बोलणी) सर्टिफिकेटपासून एक महिन्यात, जे नंतर येईल तोपर्यंत, ट्रायब्युनलला, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला, अपील करता येतं. फी नाही, वकील लागतोच असं नाही. मीडिएशन करायलाच हवं असं नाही पण सर्टिफिकेटसाठी मीडिएशनवाल्यांना फोन करावा लागतो, दहा मिनिटांचं काम. २०२२-२३ मध्ये ट्रायब्युनलने निकाल दिलेल्या केसेसपैकी ९८ टक्के पालकांच्या बाजूने गेल्या, पूर्ण नाही तरी निदान काही मुद्द्यांवर, त्यामुळे काउन्सिलच्या नकाराला देववाणी समजू नका. फक्त वेळ फार जातो, आमचे दहा महिने गेले.

आणि ड्राफ्ट प्लॅन आला की आनंदाच्या भरात ओके करू नका, मत कळवायला निदान १५ दिवस मिळतात ते पूर्ण वापरा. सेक्शन एफ वाचा, मदत तिथे असते आणि काउन्सिलला बांधून ठेवणारं तेच. आमच्या ड्राफ्टमध्ये होतं, 'स्पीच थेरपीचा नियमित लाभ घेण्याची संधी मिळेल.' वाचायला किती छान. आता हे मोडलं असं कधी सिद्ध करणार तुम्ही? संधी होती, लाभ घेतला नाही, संपलं. भांडून करून घेतलं ते असं, 'स्पीच थेरपिस्ट स्वतः दर आठवड्याला ४५ मिनिटं एकट्याला, टर्म टाइममध्ये.' कोण, किती, केव्हा. या तीनपैकी एक जरी नसेल तर ते वाक्य परत पाठवा.

एकट्याने करू नका. प्रत्येक काउन्सिल भागात सेंडियास नावाची विशेष गरजांबद्दल सल्ला देणारी मोफत सेवा असते, मीटिंगला सोबतसुद्धा येतात. इप्सिया या मदत करणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर अर्जाच्या पत्राचा तयार नमुना आहे, नाव-तारीख बदलली की झालं.

कागदपत्रवाला

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. ईएचसीपी किंवा शाळेतली मदत 'पब्लिक फंड्स'मध्ये (व्हिसाच्या नियमांतल्या सरकारी भत्त्यांच्या यादीत) येत नाही, बिनधास्त मागा. पण डीएलए, म्हणजे डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, येतो, आणि तुमच्या व्हिसावर नो रिकोर्स, म्हणजे पब्लिक फंड्स घ्यायला बंदी, असणार, तर मैत्रिणीने सांगितलं म्हणून तो फॉर्म भरून बसू नका. दोन्हीची गल्लत खूप जण करतात, एकाला घाबरून दुसरंही सोडून देतात.

मु_पो_ग्लासगो

हे सगळं फक्त इंग्लंडचं हं. आमच्याकडे स्कॉटलंडला ॲडिशनल सपोर्ट फॉर लर्निंगचा २००४ चा वेगळा कायदा आहे, वेल्समध्ये अशा प्लॅनला आयडीपी म्हणतात, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये अजून स्टेटमेंट. इथलं वाचून कुणी कार्डिफच्या काउन्सिलला कलम ३६ टाकू नका.

स्पष्टच_बोलतो

राग मानू नका पण आपल्या लोकांना कागदाचा फार सोस. सहा वर्षांच्या पोराला आयुष्यभराचा शिक्का कशाला? परत भारतात गेलात तर हा प्लॅन कोण विचारतंय.

दोन_लेकींची_आई

काका, आयुष्यभराचा नसतो, दर वर्षी रिव्ह्यू होतो आणि गरज संपली की बंदही होतो. शिक्क्याचं म्हणाल तर शाळेत त्याला आधीच एक मिळालाय, 'त्रास देणारा मुलगा', आणि तो कुठल्याही कागदाशिवाय. आणि भारतात प्लॅन चालणार नाही हे खरं, पण त्यासोबतचे रिपोर्ट दाखवायला उपयोगी पडू शकतात. पोरगं टेबलाखाली आत्ता बसलंय हो.

धाकट्याची_आई

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचून काढलं, एकदा मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. काल रात्री बसून दोन्ही भाषांतल्या शब्दांची यादी केली, मराठी तेवीस निघाले, त्यात 'नको' आहे पण 'हवं' नाही, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. फोनच्या तारखा काढल्या, अकरा वेळा. काउन्सिलच्या पत्राचा शेवट असा केलाय, बघा बरं, 'शक्य असल्यास माझ्या मुलाचं असेसमेंट करावं ही नम्र विनंती.'

तारखांचा_बाप

'शक्य असल्यास' काढा वहिनी. 'नम्र'पण काढा. 'कलम ३६ नुसार मी असेसमेंटची मागणी करत आहे, सहा आठवड्यांत निर्णय कळवावा.' पुढे तारीख टाका आणि पोचपावती मागा.

धाकट्याची_आई

काढलं. सकाळी नऊला पाठवला, नऊ वाजून दोन मिनिटांनी ऑटोमॅटिक पोच आली, स्क्रीनशॉट ठेवलाय. दुपारी बारा दहाला शाळेचा फोन. हात थरथरत होते खरं सांगते, पण विचारलं, हे सस्पेन्शन आहे का, लेखी देता का. पलीकडे जरा वेळ कुणी काही बोललंच नाही, मग म्हणाल्या थांबा, बघतो आम्ही. सव्वातीनला नेहमीच्या वेळेला आणला त्याला. सेंडियासची अपॉइंटमेंट गुरुवारी मिळालीय, मराठी इंटरप्रिटर आधी सांगून ठेवायचा असतो का तिथेही?