बटरवर्टला घरी किती आणि काय खायला घालावं? पानांवर बुरशी आली, आता नवी पानं चिकटच नाहीत

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे आठ महिन्यांपासून एक बटरवर्ट आहे, म्हणजे चिकट पानांनी किडे धरून पचवणारं झाड. कुंडीच्या पट्टीवर पिंग्विक्युला मोरानेन्सिस लिहिलंय, म्हणजे मेक्सिकोकडची जात. आणलं तेव्हा पानं रुंद, फिकट हिरवी होती आणि बोट लावलं की तुपकट चिकटपणा हाताला यायचा. माती म्हणजे परलाइट (हलके पांढरे खडे), जाड वाळू आणि थोडं पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ). पाणी फक्त डिस्टिल्ड, तेही बशीतून.

खिडक्यांना बारीक जाळी असल्याने घरात किडे जवळजवळ येतच नाहीत. झाड उपाशी राहील या काळजीने मी मत्स्यालयातल्या माशांच्या खाद्याचे पापुद्रे पानांवर ठेवायला लागले. एका पानाला नखाएवढा एक. पहिले दोन दिवस पानावर ओल सुटली, कडाही जराशा आत वळल्या, तेव्हा फार बरं वाटलं. चौथ्या दिवशी पापुद्र्यावर पांढरी बुरशी आली आणि खालचं पान तपकिरी होऊन विरघळल्यासारखं झालं. अशी तीन पानं गेली.

मी खाणं बंद केलं. आता मधून येणारी पानं वेगळीच आहेत: लहान, जाड, दाटीवाटीने बसलेली आणि अगदी कोरडी. उपासमारीने झाड खंगतंय का? पुन्हा खायला घालू का, आणि घातलं तर काय, किती? जाणकारांनी कृपया सांगावं, या झाडावर फार जीव आहे.

प्रतिसाद १

ताई, घाबरू नका. जाड, कोरडी पानं म्हणजे झाडाची विश्रांतीची पानं. मेक्सिकोतल्या बहुतेक जाती कोरड्या ऋतूत असा गुच्छ करून बसतात. तेव्हा त्या किडे धरतच नाहीत, पाणी साठवून दिवस काढतात. या पानांवर काहीही ठेवू नका, ते पचणार नाही, फक्त कुजेल. बशीतलं पाणी काढा, माती जवळपास कोरडी होऊ द्या आणि उजेड भरपूर ठेवा. ओल्या मातीत याच दिवसांत झाडं बुडापासून सडतात, माझी दोन गेली आहेत.

मोठी चिकट पानं परत आली की मगच खाण्याचा विचार.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. बुरशीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सुरुवातीला सगळ्यांचं इथेच चुकतं.

पानावर दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात. देठावर उभ्या, टोकाला थेंब धरलेल्या ग्रंथी किडा चिकटवून ठेवतात, भिंगातून त्या छान दिसतात. दुसऱ्या पानाला लगटून बसलेल्या असतात. त्या पाचक रस सोडतात आणि विरघळलेलं अन्न शोषून घेतात. ही पचनाची ग्रंथी एकदाच कामाला येते, रस सोडताना तिच्या पेशीच खर्ची पडतात. त्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा खाणं ठेवून उपयोग नाही. नखाएवढा पापुद्रा पचवायला लागणारा रस तेवढ्या जागेत मुळात नसतो. उरलं ते बुरशीचं होतं.

म्हणजे माशांचं खाद्य चालतं, चुकलं ते प्रमाण. ते कोरडंच कुटून अगदी बारीक पूड करा. टूथपिकचं टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पुडीला लावा आणि जेवढी चिकटेल तेवढीच एका पानाला टेकवा. टाचणीच्या डोक्यापेक्षा कमी. एका वेळी दोन-तीन पानं, पुढचं खाणं तीन-चार आठवड्यांनी. वाळवलेले ब्लडवर्म (माशांना घालतात त्या बारीक लाल अळ्या) मिळाले तर ते आणखी चांगले, पण आधी भिजवून मऊ करा आणि एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करा. मांस, चीज, दूध यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद ३

माझं मत वेगळं आहे. मी काहीच भरवत नाही. कुंड्यांच्या ओल्या मातीत चिलटं होतात, तीच पानांवर येऊन बसतात. उजेड नीट असेल तर उपाशी बटरवर्टही जगतं, फुलतंही. खतही घालत नाही.

प्रतिसाद २

जगतं हे खरं, पण ताईंच्या घरी जाळीमुळे चिलटंच नाहीत. किडे मिळालेलं झाड लवकर मोठं होतं, हा फरक मी एकाच वेळी लावलेल्या रोपांत पाहिलाय. खताबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, निदान मातीत तरी ते घालू नये. मुळं फार नाजूक असतात.

प्रतिसाद ४

एक भर घालतो. चार्ल्स डार्विनने १८७५ साली बटरवर्टवरचे प्रयोग छापले. पानांवर माश्या ठेवल्या की कडा आत वळतात हे त्याने नोंदवलं, शिवाय पानांना चिकटलेले परागकण आणि बियाही तपासल्या. झाड त्यांतूनही पोषण घेतं, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून शेजारच्या फुलांचा पराग पानांवर सांडला तर पुसू नका.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार! पाणी काढलंय, सडलेली पानं चिमट्याने उचललीत. एक शंका: खाणं सुरू करायची वेळ नेमकी कशी ओळखायची?

प्रतिसाद १

नवं पान आधीच्यापेक्षा रुंद आलं आणि तिरप्या उजेडात त्यावर बारीक थेंब चमकले की पाणी वाढवा. असं पान पूर्ण उघडलं की त्यालाच पहिली पूड लावा.

धागाकर्ती, अडीच महिन्यांनंतर

चार मोठी पानं आलीत, चारही चिकट! दोन पानांना पूड लावून आज सहा दिवस झाले. एकावर हलकासा डाग उरलाय, दुसरं स्वच्छ आहे. बुरशी कुठेच नाही. कुंडी हलवताना गळालेलं एक जाड पान मी ओलसर परलाइटवर ठेवलं होतं, त्याच्या बुडाशी आता ठिपक्याएवढी दोन रोपं दिसतायत. त्यांना कधीपासून भरवायचं?

प्रतिसाद २

वा, फार छान! पिल्लांच्या पानांवर थेंब दिसले की लगेच. पण पूड नको, त्यांना ती जड जाते. ओल्या मातीत स्प्रिंगटेल नावाचे अगदी बारीक, उड्या मारणारे जीव असतात, त्यातले थोडे कुंडीत सोडा, ते चालत चालत पानांवर येतात.