ऑडिटर मतं मागून निवडून यावा का?

जमाखर्च: अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी हिशेब तपासणारा ऑडिटर चक्क निवडणूक लढवतो. मिसिसिपीचा शॅड व्हाइट घ्या. 2015 साली गव्हर्नर फिल ब्रायंटचा प्रचार याने सांभाळला. 2018 ला खुर्ची रिकामी झाल्यावर ब्रायंटने यालाच बसवलं. मग 2019 आणि 2023 ला निवडून आला. ब्रायंट स्वतः 1996 ते 2008 ऑडिटरच होता. पक्षाचा माणूस पक्षाचं काय तपासणार, कपाळ? हे पद नेमणुकीचंच हवं.

तिरकसराव: अहो, यालाही नेमलंच होतं की, आणि तेही गव्हर्नरने!

आणि तपासलं काय ते बघा. गरीब कुटुंबांसाठी आलेला केंद्राचा पैसा, 7.7 कोटी डॉलर, भलतीकडे गेला. एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल स्टेडियमलाच 50 लाख. फुटबॉलपटू ब्रेट फाव्हरला 11 लाख भाषणांचे, आणि ऑडिट म्हणतं भाषणं झालीच नाहीत (मूळ रक्कम त्याने परत केली). 2020 मध्ये अटक झाली ती जॉन डेव्हिसला. हा पैसा वाटणाऱ्या खात्याचा हा माजी प्रमुख ब्रायंटनेच नेमलेला.

जमाखर्च: डेव्हिस अडकला, ब्रायंटवर गुन्हा नाही. आणि व्हाइटला आता गव्हर्नर व्हायचंय, हे तो लपवतही नाही.

पॅरा_प्रलंबित: नोकरी ऑडिटमध्ये गेली, म्हणून लिहिते. आपल्याकडे आक्षेप निघतो, खातं 'पूर्तता' म्हणून दोन ओळी पाठवतं, पॅरा (अहवालातला तो आक्षेप) वर्षानुवर्षं लोंबकळतो. ऑडिट अहवाल तपासणाऱ्या आमदार-खासदारांच्या लोकलेखा समितीपर्यंत पोचेतो संबंधित साहेब निवृत्त. मिसिसिपीत ऑडिटरच्या हाताखाली तपास अधिकारी आहेत, तो वसुलीची नोटीस काढतो. मतं मागायची असल्याने फाईल दाबून बसणं त्याला परवडत नाही. हाव असेल, पण कामाला येते.

जमाखर्च: ताई, हाव त्याला मथळा देणाऱ्या फायलींकडेच नेणार. निदान आपल्या कॅगला (देशाच्या महालेखापरीक्षकाला) घटनेच्या 148व्या कलमाने निवृत्तीनंतर सरकारी पद बंद आहे.

तिरकसराव: आणि कॅग असलेले टी. एन. चतुर्वेदी? 1989 ला बोफोर्सचा अहवाल, पुढे भाजपचे खासदार, मग कर्नाटकचे राज्यपाल. नेमणुकीतूनही रस्ता तिकडेच गेला. मतदार निदान घरी तरी बसवतात. मिझुरीत 1973 ला नेमलेला ऑडिटर जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट पुढच्याच वर्षी निवडणुकीत पडला.

जमाखर्च: घरी कुठे बसला? आधी गव्हर्नर झाला, मग अख्ख्या अमेरिकेचा अ‍ॅटर्नी जनरल!