बाबांचं लायसन्स नूतनीकरण आणि 'चक्कर येते का?' हा प्रश्न – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे. ठाण्याला नौपाड्यात आई आणि ते दोघंच असतात, मी ऐरोलीला. त्यांच्या लायसन्सची मुदत संपून दहा महिने झालेत, हे मला गेल्या रविवारी गाडीच्या इन्शुरन्सचे कागद शोधताना कळलं. पंचावन्नच्या पुढे ते पाचच वर्षांसाठी मिळतं, हे म्हणे डोक्यातून गेलं. (गेलं की घालवलं, देव जाणे.) पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस तरी चालायचं, २०१९च्या दुरुस्तीत तेही गेलं. म्हणजे स्वारी दहा महिने बिनलायसन्सची भाजी आणायला जातेय. पकडले असते तर ५,००० रुपये दंड, आणि कुणाला धडक बसली असती तर इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले असते.

संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर टेस्ट नाही, वर्ष उलटलं की आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवायची. म्हणून आता बाबांची घाई, "सारथीवर (लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर) तेवढं भरून दे गं."

भरायला बसले आणि फॉर्म १च्या (आपल्या तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायचं ते) पहिल्याच प्रश्नाला अडले. फेफरं, किंवा कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं असा त्रास आहे का? बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "नाही लिही."

आता जूनमधली गोष्ट. मी त्यांच्या शेजारी बसले होते. तीन हात नाक्याला सिग्नल हिरवा झाला, तरी गाडी जागची हलेना. मागून हॉर्नवर हॉर्न. बाबा समोर बघत बसलेले, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. सकाळी मधुमेहाचं इन्सुलिन घेऊन पोह्यांची बशी अर्धी ठेवून उठले होते, साखर उतरली असणार. हँडब्रेक मी ओढला. पर्समध्ये लेकीची फ्रूटी होती, ती घोट घोट पाजली. बऱ्याच वेळाने विचारतात, "आपण इथे का थांबलोय?" त्यांना त्यातलं काही आठवत नाही, त्यामुळे त्यांच्या मते ते झालंच नाही.

डोळ्यांचंही तेच. पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता यायला हवी, तीही एकेका डोळ्याने, चष्मा चालतो. सोसायटीच्या गेटपाशी उभं केलं तर खडाखडा वाचली, पण आपल्याच गाडीची! ती पाठच आहे. शेजाऱ्यांची वाचायला लावली तेव्हा मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने बरोबर, दुसऱ्याने ८चा ३ झाला.

चाळिशीनंतर लागतो तो डॉक्टरांचा फॉर्म १ए, त्याची त्यांना काळजीच नाही. फॅमिली डॉक्टर तीस वर्षांच्या ओळखीचे. फोनवरच म्हणाले, "पाठवून द्या, सही करतो." याचीच मला जास्त भीती वाटते.

तर विचारायचं असं. त्या प्रश्नाला 'हो' लिहिलं, तर ठाणे आरटीओत अर्ज थेट नाकारतात, की मधुमेहाच्या डॉक्टरांचं पत्र, साखरेच्या नोंदी जोडून काही होतं? स्वतः इन्सुलिन घेऊन गाडी चालवणारं इथे कुणी आहे का? निघण्याआधी साखर तपासता का, किती असली तर निघत नाही? आणि ज्यांनी घरातल्या मोठ्यांना गाडी चालवणं सोडायला लावलं, त्यांनी नेमकं बोललात काय तेही सांगा. रिक्षाने जा म्हटलं तर उत्तर तयार आहे, "त्या रिक्षावाल्याची साखर कुणी तपासलीय?"

'नाही' मी लिहिणार नाही, एवढं ठरलंय. एजंटचे नंबर कृपया देऊ नका.

शनिवारच्या आत कळलं तर बरं. किल्ली सध्या माझ्याकडे आहे. दुसरी कुठे असते, ते आई सांगत नाहीये.