सल्ला हवा: नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास, बंद बाथरूम आणि टाकी

गच्चीवरची_टाकी:
परळमधली जुनी इमारत, बाथरूम ४ बाय ६, खिडकी डक्टात. पावसाळ्यात पाण्याला उग्र वास येतो. कामवाल्या ताई ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओततात. दोन्हींपैकी जास्त घातक काय? शिवाय २००० लिटरची टाकी धुतल्यावर ब्लीचिंग पावडर किती टाकायची?

भांडुपचा_थेंब:
पाण्याच्या वासाला घाबरू नका. भारतीय मानकानुसार नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ आहे. नाकाला त्याच्या कितीतरी आधीच कळतं. रुंद पातेल्यात उघडं ठेवा किंवा उकळा, वास जाईल. पण मग जंतूंपासूनचं संरक्षणही गेलं, म्हणून ते पाणी झाकून ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. माशांच्या टाकीत मात्र थेट नळाचं पाणी नकोच.

घातक म्हणाल तर ते ॲसिड-ब्लीच! टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या अडीचपट जड, म्हणून चार बाय सहाच्या खोलीत फरशीलगत साचतो आणि वाकून घासणाऱ्याच्या थेट नाकाशी जातो. व्हिनेगर, लिंबूही ॲसिडच. व्हॉट्सॲपवरच्या 'घरगुती क्लीनर'मध्ये हेच असतं. ब्लीचमध्ये अमोनियाचं क्लीनर घातलंत तर क्लोरामाइन, तोही विषारी वायूच. एका दिवशी एकच वापरा, मध्ये भरपूर पाणी ओता. फरशीला ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरभर गार पाण्यात २० मिलिलिटर पुरे.

ब्लीच_बादली:
टाकीचा हिशेब: ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर धरलं तर २००० लिटरला १०० ग्रॅम क्लोरीन. ताज्या पावडरीत साधारण ३० टक्के, म्हणजे ३३५ ग्रॅम. पावसात उघडी राहिलेली पावडर दमट होऊन निकामी होते, गोळे झालेली घेऊच नका. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आधी, पावडर नंतर. चुना खाली बसू द्या, अर्ध्या तासाने वरची निवळीच टाकीत ओता. गाळ गेला तर बॉलकॉक आणि नळ चोंदतात. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, चार तास बंद ठेवा, मग टाकी आणि पाइप पूर्ण रिकामे करा. ताजं पाणी भरल्यावर पाण्याच्या नमुन्यात ओटीओचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाका: फिकट पिवळा रंग ठीक, गडद पिवळा किंवा नारिंगी असेल तर पिऊ नका. टाकीत उतरायचं काम पावडर टाकण्याआधी उरकावं.

गच्चीवरची_टाकी:
आणि वायू सुटलाच तर?

भांडुपचा_थेंब:
बाहेर पळा, दार उघडं टाका, बादली उचलायला परत जाऊ नका. डोळे साध्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, वास लागलेले कपडे काढा. गूळ-दूध काही करत नाही. धाप लागली, छाती आवळली किंवा खोकला थांबत नसेल तर १०८. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं, म्हणून दमेकऱ्याला तर लगेचच डॉक्टरांकडे न्या. २०१० साली शिवडीच्या हाजी बंदरावर जुन्या सिलिंडरमधून असाच क्लोरीन गळला होता. तसं मोठं काही झालं तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि उंचावर जायचं, तळमजल्यात नाही.

ब्लीच_बादली:
ताईंना दोन बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवायला सांगा, आणि ॲसिडच्या बाटलीवर लाल चिकटपट्टी लावा. लेबल भिजून दोन दिवसांत निघतं.