मदत हवी आहे: १९६५ चा एलईएस-१ उपग्रह ऐकायचाय, अँटेना कोणती बांधू?

नमस्कार मंडळी,

इथे हॅम (हौशी) रेडिओवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय.

एलईएस-१ हा एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने अमेरिकी हवाई दलासाठी बनवलेला छोटा प्रायोगिक उपग्रह, वजन जेमतेम ३१ किलो. तो ११ फेब्रुवारी १९६५ ला टायटन ३ए रॉकेटच्या चाचणी उड्डाणातून वर गेला. रॉकेटची चाचणी व्हायचीच होती, त्यात जागा मिळाली की संशोधकांचा वेगळ्या रॉकेटचा खर्च वाचायचा. हवाई दलाचे ओव्ही-१ मालिकेतले सुरुवातीचे संशोधन उपग्रहही असेच अ‍ॅटलास क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांतून गेले. मला त्या काळातली ही काटकसर फार आवडते.

वायरिंगमधल्या चुकीमुळे एलईएस-१ वरच्या लंबवर्तुळाकार कक्षेत गेलाच नाही, सुमारे २८०० किमीवर अडकला आणि १९६७ मध्ये गप्प झाला. मग २०१३ च्या सुमारास इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या एका हौशी रेडिओवाल्याला २३७ मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज सापडला! बॅटरी केव्हाच मेली असणार, पॅनलवर ऊन पडतं तेवढाच वेळ ट्रान्समीटर चालतो. उपग्रह कोलांट्या खातोय, त्यामुळे दर चार-एक सेकंदांनी पॅनल सावलीत जातात आणि स्वर विव्हळल्यासारखा खाली-वर होतो.

कक्षेचा विषुववृत्ताशी कल ३२ अंश, म्हणजे तो आपल्या महाराष्ट्राच्या डोक्यावरूनही जातो. पास (आपल्या आकाशातून जाणाऱ्या फेऱ्या) चांगले लांबलचक मिळतात.

माझ्याकडे आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप आहे. व्ही-डायपोलवर (व्ही आकारात लावलेल्या दोन काड्यांची साधी अँटेना) हवामान उपग्रहांची चित्रं नीट उतरवलीयेत. तोच डायपोल दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटिमीटर करून गच्चीवर लावला. वॉटरफॉलवर (वेळेनुसार वारंवारता दाखवणारा आलेख) २३७ च्या आसपास बऱ्याच उभ्या सरळ रेषा दिसतात, त्या शेजारपाजारच्या चार्जर-एलईडीच्या असणार. एकदा मात्र एक अगदी फिकट रेषा तिरकी सरकताना दिसली आणि मिनिटभरात गोंगाटात बुडाली. डॉप्लरमुळे (उपग्रह जवळ येताना-लांब जाताना वारंवारता बदलते त्यामुळे) पासच्या सुरुवातीला सुमारे तीन किलोहर्ट्झ वर आणि शेवटी तितकीच खाली असा पूर्ण वळसा दिसला तरच खात्री धरायची, असं मी ठरवलंय.

आता अडचणी. एवढ्या अंतरासाठी डायपोल पुरेल, की हातात धरायची चार-पाच काड्यांची यागी (एकाच दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना) बांधू? मोजमापं कुणाकडे असतील तर द्या, अ‍ॅल्युमिनियमची नळी आणून ठेवलीये. आधी खर्च कशावर करू, एलएनएवर (क्षीण संकेत वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) की एफएम अडवणाऱ्या फिल्टरवर? पुण्यात एफएम स्टेशनं जवळ असल्याने डोंगल भांबावतं अशी शंका आहे. उपग्रह उन्हात आहे की पृथ्वीच्या सावलीत, हे तुम्ही कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बघता?

शहराबाहेर जायची तयारी आहे. भोर किंवा वेल्ह्याकडे रेडिओच्या दृष्टीने शांत जागा माहीत असेल तर सांगा, आणि कुणाला सोबत यायचं असेल तर अगत्याने या. शाळेतल्या आकाशनिरीक्षण मंडळाची मुलंही यायचं म्हणतायत. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचा आवाज त्यांना रेकॉर्डिंगवरून नाही, थेट ऐकवायचाय.