घरात लाईटखाली मिरची-टोमॅटो: कोकोपीट किती धुवायचं, त्यात काय मिसळायचं?

उत्तरेची बाल्कनी
बाल्कनीत ऊन येत नाही, म्हणून आतल्या खोलीत १०० वॅटच्या एलईडी पॅनेलखाली दोन मिरच्या आणि दोन चेरी टोमॅटो लावायचे आहेत. रोपं चार-सहा पानांवर आली आहेत. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ किलोची वीट आणली आहे, पाकिटावर 'लो ईसी, धुतलेलं', म्हणजे क्षार कमी, असं छापलंय. तरी धुवायचं का? लाल माती मिसळली तर चालेल का, आणि गांडूळखत किती? मागच्या खेपेला नुसतं कोकोपीट आणि १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) दिलं होतं. पानं शिरांच्या मधे पिवळी पडली आणि टोमॅटोच्या बुडाला काळे डाग आले. सोसायटीत बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून येतं, घरात आरओ आहे.

सालपट
पाकिटावर काहीही छापलेलं असो, आधी तपासा. आरओवाले पाण्यातले क्षार मोजायला वापरतात तो टीडीएस मीटर पुरेसा आहे. एक वाटी भिजलेलं कोकोपीट, दीड वाटी आरओचं पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा आणि गाळून मोजा. २५०-३०० पीपीएमच्या आत आलं तर मोकळे क्षार गेलेत असं समजा. ८००-१००० आलं तर वीट नीट धुतलेली नाही.

पण तुमचा मागचा त्रास नुसत्या धुण्याने जाणारा नाही. नारळाच्या भुश्याच्या कणांना पोटॅशियम आणि सोडियम चिकटलेलं असतं, ते साध्या पाण्याने सुटत नाही. तुम्ही कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलं की कोकोपीट ते स्वतःकडे ओढून घेतं आणि बदल्यात पोटॅश-सोडियम सोडतं. झाड उपाशीच राहतं. त्यात १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम अजिबात नसतं. शिरांमधला पिवळेपणा, खालच्या पानांपासून सुरू झाला असेल तर, मॅग्नेशियमचा. बुडाचे काळे डाग फळाला कॅल्शियम न पोचल्याचे.

म्हणून कोकोपीटला आधीच कॅल्शियमने पोटभर जेवू घालायचं. ५ किलोची वीट दोन मोठ्या टबांत अर्धी-अर्धी करून २५-३० लिटर पाण्यात भिजवा, फुलून साधारण ६५-७० लिटर होईल. हाताने पूर्ण मोकळी करा, आत कोरडे गोळे राहता कामा नयेत. शेडनेटच्या तुकड्यात घालून दोन-तीन पाण्यांनी धुवा. मग १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट (शेतीच्या दुकानात एक किलोची पिशवी मिळते) ३५ लिटर पाण्यात विरघळवून त्यात कोकोपीट पूर्ण बुडवा आणि २४ तास ठेवा. निथळा, वरून एकदा साधं पाणी सोडा, पुन्हा निथळा. ही शेवटची धुणी विसरू नका, नाहीतर कोवळ्या मुळांना ते तीव्र पाणी जाळेल.

आणि हे सगळं सॉफ्टनरच्या पाण्याने करू नका! सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो, म्हणजे तुम्ही एका हाताने द्याल आणि दुसऱ्या हाताने काढून घ्याल. सॉफ्टनरच्या आधीचा नळ, पावसाचं पाणी किंवा आरओ वापरा.

निचरा_आधी
माती घालू नका. जमिनीत फूटभर नाही, चांगली खोलवर माती असते, तिथे पाणी खाली ओढलं जातं. कुंडीत तसं होत नाही. काळी माती फुगून आवळते आणि वाळली की भेगा पडतात, लाल मातीचे बारीक कण पाण्याबरोबर उतरून कोकोपीटमधल्या पोकळ्या बुजवतात. घरात वारा-ऊन नसल्याने वरून सुकायलाही वेळ लागतो, मग मुळं गुदमरतात.

सात भाग कोकोपीट, तीन भाग परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे). परलाइट ओतण्याआधी पिशवीतच पाणी शिंपडा आणि तोंडाला फडकं बांधा, तो धुरळा छातीत जाणं चांगलं नाही. परलाइट महाग वाटलं तर भाताचं जळकं तूस चालतं, पण राख धुऊन काढा, नाहीतर सामू (पीएच) वर जातो.

कुंडीच्या तळाला खापऱ्या आणि खडी घालायची आपली जुनी सवय आहे, ती इथे सोडा. बारीक मिश्रणातलं पाणी खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे चिंब थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. छिद्रावर जाळीचा तुकडा ठेवला की काम झालं. मिरचीला १० लिटरची, टोमॅटोला १५-२० लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग घ्या. भरताना दाबू नका, कुंडी दोनदा जमिनीवर आपटा आणि पाणी घाला, आपोआप बसतं.

उत्तरेची बाल्कनी
आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का? बादल्या भरून असतं. आणि गांडूळखताचं राहिलं.

सालपट
वाया जाणारं पाणी फरशी पुसायला. त्यात आधीच्या पाण्यातले क्षार साठलेले असतात, आणि तुमच्याकडे ते सॉफ्टनरनंतरचं, म्हणजे सोडियमच. शुद्ध आरओ वापरा, मात्र त्यात जवळपास काहीच नसल्याने कॅल्शियम प्रत्येक आठवड्यात द्यावंच लागेल.

एका पाण्याला १९:१९:१९ एक ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम, प्रति लिटर. पुढच्या पाण्याला नुसतं कॅल्शियम नायट्रेट, ०.८ ग्रॅम प्रति लिटर. सध्याच्या रोपांना सगळं निम्म्याने. दोन्ही एकाच बाटलीत दाट करून ठेवू नका, फॉस्फेट आणि सल्फेट कॅल्शियमबरोबर पांढरा गाळ धरतात आणि तो झाडाला मिळत नाही. पाणी इतकं द्या की दर वेळी दहा-वीस टक्के खालून निघेल. ते टीडीएस मीटरने मोजा: घातलेल्या पाण्यापेक्षा खालच्याचा आकडा फार चढला तर एकदा साध्या पाण्याने धुऊन काढा. मीटरवर आंधळा विश्वास नको, १९:१९:१९ मधला युरियाचा भाग त्याला दिसत नाही. सूक्ष्मअन्नद्रव्यं (लोह, जस्त वगैरे) चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येतील अशा रूपातली घ्या, मात्रा पुडीवर असते ती.

फुलं लागल्यावर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चा मारा करतात तो टाळा. कोकोपीटमध्ये पोटॅश मुळातच असतं, त्यात भर घातली की कॅल्शियम पुन्हा अडतं.

चिलटं_नकोत
गांडूळखताबाबत माझं मत: घरात नकोच. विद्राव्य खतं देणार असाल तर त्याची गरज नाही, आणि ओलसर गांडूळखत म्हणजे काळ्या बारीक चिलटांना आमंत्रण. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. घालायचंच असेल तर दहा टक्क्यांपर्यंत, चाळून, तळाच्या अर्ध्या भागात.

चिलटं आलीच तर पिवळे चिकट सापळे लावून फक्त उडणारी सापडतात. अळ्यांसाठी बीटीआय (अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) पाण्यातून, आठवड्याच्या अंतराने तीनदा. आणि वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही. कोकोपीट वरून फिकट तपकिरी दिसलं तरी आत ओलं असतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका, कुंडी उचलून वजन बघा.

निचरा_आधी
@चिलटं_नकोत, रोपं लहान असताना वरचा थर इतका सुकवू नका, मुळं तिथेच असतात. पहिले दहा-बारा दिवस बुंध्याभोवती थोडं थोडं पाणी द्या, कुंडीभर नको.