एकच तेल सगळ्या बंदुकीला पुरते का?

निशाणी: बंदुकीच्या खास वंगणांचा बाजार म्हणजे निव्वळ धूळफेक आहे. शिलाई मशीनचे तेल सर्व भागांना पुरते आणि ग्रीसची तर गरजच नाही.

गंजवैरी: हे विधान वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. चापाच्या यंत्रणेतील बारीक पिनांना पातळ तेल योग्यच आहे. परंतु जिथे धातूवर धातू दाबाखाली सरकतो, तिथून ते उष्णतेने ओघळून जाते. एम-1 गॅरंड रायफलमध्ये काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या बोल्टच्या लगना, म्हणजे त्याला जागी अडकवणाऱ्या खुंट्यांना, आणि तो मागेपुढे नेणाऱ्या ऑपरेटिंग रॉडला ग्रीस लावतात, ते उगाच नव्हे. उलट काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या पोकळीत ग्रीस भरले, तर कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होते, पिनचा आघात मंदावतो आणि काडतूस उडतच नाही.

निशाणी: ग्रीस वाळू धरून ठेवते आणि मग तीच वाळू धातू झिजवते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

जुनी दुनाळी: तुमचे चालू द्या, पण आधी डब्ल्यूडी-40 या डब्यातल्या फवाऱ्याने बंदुका न्हाऊ घालणाऱ्यांना कोणीतरी आवरा! 1953 साली ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले. त्यातील द्रावक उडून गेला की मागे उरणारा पातळ थर सरकत्या भागांवर फार टिकत नाही. काकांच्या दुनाळीत वर्षानुवर्षे तेच फवारले जाई. बाजूची पट्टी उघडली, तेव्हा आत तपकिरी, चिवट थर साचलेला होता आणि घोडा अर्ध्यावरच अडकत होता.

गंजवैरी: हा पुरावा नसून काकांची कथा आहे. दस्त्याला लावलेले जवसाचे तेल आत झिरपले असेल, तर तेही वाळून असाच थर धरते.

जुनी दुनाळी: बंदूक मी उघडली आणि निदान आपण घरबसल्या करता, धन्य आहे! काका दस्त्याला जवसाचे तेल नेमाने चोळत, हे मात्र खरे. तेव्हा अर्धा दोष त्यांच्या माथी मारा आणि समाधान मानून घ्या. फवाऱ्याला मी तरीही सोडणार नाही.

निशाणी: काकांचा न्यायनिवाडा झाला असल्यास मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या हट्टाखातर पिस्तुलाच्या स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, रुळांवर ग्रीसचा पुसट हात फिरवीन. नळीत मात्र काही नको. साठवणीसाठी लावलेले तेलही फैरीपूर्वी पुसलेच पाहिजे.

गंजवैरी: नळीबाबत वाद नाही. रुळांवर ग्रीस मान्य असेल, तर 'सर्व भागांना पुरते' हे शब्द आधी मागे घ्यावेत.